दहा कोटींची तिजोरी

आज आपण प्रभादेवीला जाणार आहोत. सिद्धिविनायकाला नाही, एका बँकेत.

गोष्ट सुरू होते १९६८ साली. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बड्या नेत्याला हरवलं होतं. टॅक्सीवाल्यांचा, पालिका कामगारांचा हा पुढारी. कामगाराला मोठ्या बँकेच्या दारात कोण उभं करणार? म्हणून त्यांनी 'बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक' काढली. १९७७ मध्ये तिचं नाव झालं न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक.

आता थेट १२ फेब्रुवारी २०२५. रिझर्व्ह बँकेचे अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी हिशोबाच्या वह्यांसोबत तिजोरीतल्या नोटाही पाहिल्या. पुढे पोलिसांत फिर्याद गेली, की प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतले १२२ कोटी रुपये गायब आहेत. बँकेचा एक महाव्यवस्थापक अटकेत गेला. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण तपासातली एक गोष्ट ऐका: पोलिसांच्या म्हणण्यानुसार प्रभादेवीच्या तिजोरीत मावतातच जेमतेम दहा कोटी! वहीत मात्र त्याच्या कितीतरी पट रोकड 'शिल्लक' दिसत होती.

म्हणजे हा घोटाळा पकडायला कॉम्प्युटर लागत नव्हता. तिजोरीकडे एकदा नीट बघायला हवं होतं.

आणि बघणारे काय कमी होते? बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे राहतात. एकट्याला ती उघडता येऊ नये म्हणून. रोख अधूनमधून अचानक मोजायची असते, तीही रोज ती सांभाळणाऱ्याने नाही, दुसऱ्याने. वर अंतर्गत ऑडिटर, वैधानिक ऑडिटर, संचालक मंडळ. एवढ्या सह्या होऊनही आकडा वर्षानुवर्षं पुढे सरकत राहिला, असा आरोप आहे. मला विचाराल तर सह्या जितक्या जास्त, तितका प्रत्येकजण आधीच्या सहीवर विसंबतो. शिवाय जुन्या, ओळखीच्या साहेबांना 'जरा तिजोरी उघडून दाखवा' म्हणायला आपल्याकडे लोकांना अवघड वाटतं. सहकारी बँकेत तर जास्तच; तिथे सगळे 'आपलेच' असतात ना.

१३ फेब्रुवारीला व्यवहार संपताच निर्बंध लागले. पैसे काढणं बंद. दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर रांगा, आणि संचालक मंडळ बरखास्त. २७ फेब्रुवारीपासून प्रत्येकाला २५,००० रुपयांपर्यंत काढायची मुभा मिळाली. तेव्हा रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं, की एवढ्या रकमेत निम्म्याहून जास्त ठेवीदारांचा सगळा पैसा निघेल. लक्षात आलं का? निम्म्याहून जास्त लोकांची त्या बँकेतली अख्खी शिल्लक २५,०००च्या आत होती. कामगारांसाठी काढलेल्या बँकेत सत्तावन्न वर्षांनंतरही माणसं छोटीच होती.

ठेवींवर पाच लाखांचा विमा होता, हे त्यातल्या त्यात बरं. तोही २०२० पर्यंत एकच लाख होता. पीएमसी बँक बुडाल्यावर मर्यादा वाढली. तिथे तर एका बिल्डरचं थकलेलं कर्ज लपवायला २१,००० हून जास्त खोटी खाती दाखवल्याचं प्रकरण होतं.

४ ऑगस्ट २०२५ ला न्यू इंडिया बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. सारस्वत म्हणजे १९१८ची, तीही सहकारीच. तिचं मुख्य कार्यालयही प्रभादेवीतच, आप्पासाहेब मराठे मार्गावर. खातेदारांचे पैसे वाचले, शाखांवरच्या पाट्या बदलल्या. कामगारांच्या बँकेचं नाव मात्र गेलं, आणि १२२ कोटींची केस अजून कोर्टात आहे.