‘हर-टू/न्यू’: रिपोर्टातल्या एका ओळीचं कूळ

स्तनाच्या कॅन्सरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट उघडला की शेवटाकडे तीन ओळी येतात: ईआर, पीआर आणि ‘हर-टू/न्यू’. तिसऱ्या ओळीपुढे, हे प्रथिन गाठीत किती आहे ते सांगायला, शून्य, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं. घरातल्या सगळ्यांचे डोळे त्या आकड्यावर असतात. नावाकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला मात्र त्या नावातली तिरपी रेघ कायम अडवत आली आहे. एका प्रथिनाला दोन नावं कशाला? शोधत गेलं तर कळतं की नावं दोन नाहीत, तीन आहेत.

‘न्यू’चा ‘नव्या’शी काही संबंध नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या गाठींवर काम चाललं होतं. त्या गाठींतला डीएनए दुसऱ्या पेशींत घातला की त्याही बेबंद वाढू लागायच्या. हा उपद्व्याप करणारं जनुक न्यूरोब्लास्टोमा प्रकारच्या गाठीतून हाती लागलं, म्हणून ते ‘न्यू’. दुसरं नाव कोंबड्यांकडून आलं. त्यांना रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूत ‘अर्ब-बी’ हे जनुक होतं. त्याच्याशी नातं सांगणारं माणसातलं जनुक जपानी संशोधकांनी शोधलं आणि ते ‘सी-अर्ब-बी-टू’ झालं. तिसरं बारसं १९८५ साली कॅलिफोर्नियात, जेनेन्टेक कंपनीत झालं. तिथे अ‍ॅक्सेल उलरिच आणि सहकारी पेशींच्या वाढीचे निरोप स्वीकारणारे रिसेप्टर शोधत होते. एक आधीच माहीत होता, त्याचा भाऊ सापडला: ‘हर-टू’. सगळं जुळवून पाहिल्यावर कळलं की तिन्ही नावांमागे सतराव्या गुणसूत्रावरचं एकच जनुक आहे.

या जनुकातून घडणाऱ्या प्रथिनाचा स्वभाव त्याच्या भावंडांहून वेगळा आहे. ती पेशीच्या आवरणावर बसून बाहेरून येणाऱ्या निरोपाची वाट पाहतात. हर-टूला स्वतःचा असा कुठला निरोप लागतच नाही. ते सदा तयार असतं, कुठल्याही भावंडाशी जोडी करून आत ‘वाढ’ असा हुकूम सोडतं. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोनच प्रती असतात, त्यामुळे आवरणावर त्याची गर्दी होत नाही. प्रती वाढल्या की आवरण या प्रथिनाने गच्च भरतं आणि हुकूम थांबतच नाही.

हे सगळं रोग्याच्या नशिबाशी जोडलं लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमन यांनी. उलरिच यांच्याकडे जनुकं होती आणि स्लॅमन यांच्याकडे शस्त्रक्रियेत काढलेल्या, गोठवून जपलेल्या गाठी. त्यांनी आधी स्तनाच्या १०३ गाठी तपासल्या. काहींत हर-टूच्या प्रती दुपटीपासून वीसपटीच्याही वर गेलेल्या दिसल्या. पण त्या बायकांचं पुढे काय झालं? त्यासाठी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या विल्यम मॅग्वायर यांच्याकडून आणखी ८६ गाठी आल्या, प्रत्येकीच्या पुढच्या आयुष्याच्या नोंदीसकट. मला या कहाणीत सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या या नोंदी. वर्षानुवर्षं कुणीतरी त्या चिकाटीने लिहून ठेवल्या नसत्या तर गाठींना बोलतं करता आलं नसतं. १९८७च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये १८९ गाठींचा निबंध छापून आला. सुमारे ३० टक्के गाठींत प्रती वाढलेल्या होत्या, आणि अशा बायकांचा रोग लवकर उलटत होता, त्यांचं आयुष्य आखूड होत होतं. काखेतल्या किती लसिका ग्रंथींपर्यंत रोग पोचलाय हा जुना निकष सोडला, तर इतर सगळ्या निकषांपेक्षा ही खूण पुढचं अधिक नेमकं सांगत होती.

सगळ्यांना हे पटलं नाही. काही प्रयोगशाळांना तसं नातं दिसेना. अडचणीचं एक मूळ गाठ ठेवण्याच्या पद्धतीत होतं: फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या गाठीत प्रथिनाची खूण पुसट होते. १९८९ साली स्लॅमन यांनी आणखी गाठी तपासून आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. (३+ कशाला म्हणायचं याचा उंबरठाही पुढे दोनदा हलला. आधी १० टक्के पेशींभोवती हे प्रथिन दाखवणारं गडद तपकिरी कडं पुरायचं, २००७मध्ये ३० टक्के लागू लागलं, २०१३मध्ये पुन्हा १० टक्के.)

औषध येईपर्यंत ३+, म्हणजे हर-टूची गर्दी, ही फक्त वाईट बातमी होती. पण जे प्रथिन पेशीच्या बाहेर डोकं काढून बसतं, त्याला बाहेरून धरताही येतं. उंदराच्या ‘न्यू’वर अँटिबॉडी सोडली की बिघडलेल्या पेशी ताळ्यावर येतात, हे १९८५ सालीच दिसलं होतं. जेनेन्टेकने माणसाच्या हर-टूला धरणारी उंदराची अँटिबॉडी घेतली आणि माणसाचं शरीर ती परकी मानू नये म्हणून तिचा बहुतेक भाग मानवी केला. ते औषध ट्रास्टुझुमॅब. सप्टेंबर १९९८मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, आणि हर-टू मोजायच्या तपासणीलाही त्याच वेळी. पसरलेला कॅन्सर असलेल्या ४६९ बायकांवरच्या चाचणीत नुसत्या केमोथेरपीवर मध्यक आयुर्मान २०.३ महिने होतं. हे औषध जोडल्यावर ते २५.१ झालं. २०१५मध्ये पर्टुझुमॅब हे दुसरं औषधही जोडलेल्या चाचणीचे आकडे आले: ५६.५ महिने. तोच ३+, पण आता डॉक्टर तो वाचून पुढचं औषध ठरवतात.

अर्थात ते औषध परवडलं तर. भारतात या औषधाची किंमत हाच वर्षानुवर्षं मोठा प्रश्न होता. इथलं पेटंट रोश कंपनीकडे होतं; तिने २०१३मध्ये ते सोडलं, आणि २०१४च्या सुरुवातीला बंगळुरूच्या बायोकॉनने त्याच धर्तीचं स्वस्त औषध बाजारात आणलं. स्वस्त म्हणजे मूळ औषधाच्या तुलनेत. पगारावर चालणाऱ्या घराला तेही जडच. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आकड्यांच्या दुसऱ्या टोकाला इतकी वर्षं शांतता होती. १+ म्हणजे ‘निगेटिव्ह’, विषय संपला. २०२२मध्ये ट्रास्टुझुमॅबच्या पाठीवर केमोथेरपीचं औषध लादलेलं एक संयुग, पसरलेला कॅन्सर असलेल्या पण हर-टू जेमतेम असलेल्या ५५७ रुग्णांत तपासलं गेलं, आणि आयुर्मान १६.८ महिन्यांवरून २३.४ वर गेलं. थोड्याशा हर-टूलाही औषध पुरतं चिकटतं, आणि आत शिरून काम करतं. तेव्हापासून ‘हर-टू लो’ असा नवा शब्द रिपोर्टांत दिसू लागला आहे, आणि कपाटात पडलेले जुने मेणाचे ठोकळे बाहेर काढून, त्यांचे नवे काप घेऊन, निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवलेल्या गाठींत फिकट तपकिरी कडा पुन्हा शोधल्या जात आहेत.