परिचारिकेचें स्वतःचें आरोग्य

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत परिचारिका म्हटली म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढें आरोग्याचें चित्र मुळींच उभें राहत नसे. चार्लस् डिकन्सनें १८४३-४४ सालीं क्रमशः प्रसिद्ध केलेल्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींत सेरा गँप नांवाची शुश्रूषा करणारी एक बाई रंगविली आहे. जुनाट छत्री, मद्याचा दर्प आणि रोग्यापेक्षां स्वतःच्या खाण्यापिण्याकडे अधिक लक्ष, असें हें ध्यान! वाचकांना हसूं आलें खरें. परंतु अशीच बाई एखादे दिवशीं आपल्याहि उशाशीं येऊन बसेल, ही भीति त्या हसण्याच्या मागें होतीच.

हें ध्यान पुसून टाकण्याचें श्रेय मुख्यतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिला द्यावें लागतें. क्रिमियाच्या युद्धांतील तिच्या सेवेबद्दल जनतेनें जो निधि जमविला, त्यांतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांचें विद्यालय निघालें. मेट्रनबाई दरमहा प्रत्येक विद्यार्थिनीची नोंद ठेवीत, आणि तींत कामांतील कौशल्याबरोबर वक्तशीरपणा, विश्वासूपणा, स्वच्छता व नीटनेटकेपणा यांचेंहि मोजमाप असे. मोकळी हवा, उजेड, वारंवार धुतलेले हात, हीं व्रतें परिचारिकेनें आधीं स्वतः पाळावयाचीं होतीं. नाइटिंगेलचें शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तक तर घरोघरच्या स्त्रियांना उद्देशूनच लिहिलेलें आहे; रुग्णालयाचे आणि घराचे आरोग्यनियम तिच्या मतें निराळे नव्हते.

आदर्श उभा राहिला. पण त्या आदर्शाला शरीरहि असतें, याचा विचार पुष्कळ काळ झाला नाहीं. निरोगी कसें राहावें हें जिनें लोकांना शिकवावयाचें, ती विशी-बाविशीची मुलगी खोकणाऱ्या क्षयरोग्याच्या बिछान्याशेजारीं तासच्या तास उभी असे. तीच क्षयानें अंथरुणाला खिळली, तर दोष तिच्या प्रकृतीचा. शास्त्राचाहि या समजुतीला आधार होता. क्षयाचा संसर्ग बहुतेकांना लहानपणींच होतो आणि मोठेपणीं दिसणारा रोग म्हणजे त्याच जुन्या ठिणगीचा पुन्हां झालेला भडका, असें बहुतेक वैद्यपंडित मानीत. म्हणजे रुग्णालय निर्दोष ठरलें!

या समजुतीला धक्का दिला तो नॉर्वेंतील योहानेस हाइमबेक या डॉक्टरानें. १९२४ सालीं, म्हणजे ओस्लो शहराचें नांव अजून ख्रिस्तियानिया होतें तेव्हां, तेथील उल्लेवाल रुग्णालयांत त्यानें शिकावयास येणाऱ्या परिचारिकांची पिर्केची चाचणी घेण्यास प्रारंभ केला. ही चाचणी अगदीं साधी. हातावर किंचित् ओरखडा काढून त्यावर ट्युबरक्युलिनचा थेंब सोडावयाचा. शरीरांत पूर्वीं क्षयजंतु शिरलेले असतील तर दोन-तीन दिवसांत ती जागा लाल होऊन फुगते. सुमारें निम्म्या मुलींच्या हातावर कांहींच उमटलें नाहीं. या मुली क्षयापासून आजवर अस्पृष्ट राहिलेल्या, तेव्हां त्याच अधिक निरोगी, असें कोणीहि म्हटलें असतें. घडलें तें उलटेंच. तीन वर्षांच्या शिक्षणक्रमांत यांपैकीं बहुतेक सर्वजणींची चाचणी पालटली, आणि ज्या क्षयानें आजारी पडल्या त्या मुख्यतः याच गटांतल्या. पूर्वींचा संसर्ग अंगीं घेऊन आलेल्या मुली मानानें सुरक्षित राहिल्या. रोग बालपणांतून आलेला नव्हता. तो रुग्णालयाच्या दालनांतच त्यांना लागला होता.

निदान कळल्यावर स्वस्थ बसणें हाइमबेकला शक्य नव्हतें. काल्मेत व गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांची बी. सी. जी. लस १९२१ सालीं पॅरिसमध्यें एका अर्भकाला प्रथम देण्यांत आली होती, तीहि तोंडावाटें. हाइमबेकनें ती परिचारिकांना टोंचून देण्यास सुरुवात केली. सक्ति नव्हती, ज्या मुली तयार झाल्या, त्यांनाच ती टोंचली. लस घेतलेल्यांत रोगाचें प्रमाण स्पष्टपणें कमी आढळलें. घेणाऱ्या व न घेणाऱ्या मुलींनीं आपला गट आपणच निवडला असल्यामुळें ही तुलना आजच्या कसोटीला पूर्णपणें उतरत नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. पुढें १९३० सालीं जर्मनींतील ल्यूबेक येथें लशींत जहाल जंतूंची भेसळ होऊन सत्तरांहून अधिक बालकें दगावलीं, तेव्हां तर लशीचें नांव काढणेंहि अवघड झालें. ओस्लोंतील काम मात्र चालूच राहिलें. पांढऱ्या गणवेषाखालीं तो व्रण बाळगणाऱ्या या विद्यार्थिनींनीं कोणाला व्याख्यान दिलें नाहीं; पण प्रौढांना ही लस देतां येते, हें जगाला प्रथम ठळकपणें दिसलें तें त्यांच्यामुळें.

१९४७ सालीं नॉर्वेनें क्षयाची लस कायद्यानें आवश्यक केली. पुढच्याच वर्षीं, १९४८ सालीं, हिंदुस्थानांत मदनपल्ली येथें बी. सी. जी. टोंचण्यास प्रारंभ झाला, आणि त्या काळच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेंत स्कँडिनेव्हियांतील सेवासंस्थांचा हात मोठा होता. मद्रासजवळील चिंगलपुट भागांत १९६८ पासून झालेल्या प्रचंड प्रयोगांत मात्र प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर ती लस निष्प्रभ ठरली. लहान मुलांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून ती वांचविते, म्हणून भारतांत नवजात बालकाच्या डाव्या दंडावर ती आजहि टोंचतात. आणि बहुतेक ठिकाणीं ती टोंचणारा हात परिचारिकेचाच असतो.