उलटा फडकलेला झेंडा

छोट्या देशांच्या खेळाडूंविषयी बोलताना आपण लगेच पदकतालिका उघडतो. आज ती जरा बाजूला ठेवू या आणि एस्टोनियाकडे बघू या. बाल्टिक समुद्राकाठचा, साधारण १४ लाख लोकसंख्येचा हा देश. १९२० साली अँटवर्पला तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. १९३६ ला बर्लिनमध्ये क्रिस्त्यान पालुसालू या त्यांच्या पैलवानाने कुस्तीच्या दोन्ही प्रकारांत सुवर्ण जिंकलं. पुढे १९४० मध्ये सोव्हिएत युनियनने अख्खा देशच गिळला. खेळाडू त्यानंतरही जिंकत राहिले, पण पदकं सोव्हिएत खात्यात जमा होत गेली.

एरिका सालुमाए ही त्यांच्यातलीच एक. १९८८ ला सोलमध्ये महिलांची स्प्रिंट सायकल शर्यत प्रथमच झाली. ती तिने जिंकली, सोव्हिएत युनियनसाठी. ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला आणि १९९२ ला बार्सिलोनात तिने तीच शर्यत एस्टोनियासाठी जिंकली. निळा-काळा-पांढरा झेंडा वर चढला, पण उलटा! पांढरा पट्टा वर, निळा खाली. ५० वर्षांत जग तो झेंडा किती विसरलं होतं, ते त्या एका चुकीत दिसतं.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. १९२८ चं हॉकीचं सुवर्ण आपल्या खेळाडूंचं होतं, झेंडा आपला नव्हता. तो दिवस १९४८ ला लंडनमध्ये आला. म्हणून जुनी पदकतालिका वाचताना आपण एवढं विचारू या: देशाचं नाव छापलंय ते ठीक, पण हा खेळाडू मुळात कुठला?