टेलेफूट : सहा महिन्यांत बुडालेलं फुटबॉल चॅनल

नेहमीप्रमाणे एपिसोडचं हे लेखी रूप. लोकलमध्ये रेंज गेली तरी वाचता येईल.

२१ ऑगस्ट २०२०. फ्रान्समधलं बोर्दो शहर. बोर्दो विरुद्ध नांत, फ्रेंच लीगच्या नव्या सीझनची पहिली मॅच. कोविडमुळे प्रेक्षक मोजकेच. निकाल ०-०. म्हणजे विसरून जावी अशीच मॅच. पण ती दिसत होती टेलेफूट नावाच्या कोऱ्या करकरीत चॅनलवर, आणि हे चॅनल मुख्यतः फ्रेंच लीग दाखवायलाच काढलेलं होतं. टीव्हीवरही आणि ॲपवरही. सहा महिन्यांत ते बंद पडलं. का, तेच आज बघू.

आधी थोडं मागे जाऊ. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये कनाल प्लुस हे पैसे भरून बघायचं चॅनल आलं. सिनेमा आणि फुटबॉल, हे त्याचं भांडवल. पुढची साडेतीन दशकं क्लब आणि हे चॅनल एकमेकांच्या जिवावर वाढले. भांडणं व्हायची, पण चेक वेळेवर यायचा.

मग आला मे २०१८. २०२० ते २०२४ या चार सीझनच्या हक्कांचा लिलाव झाला आणि लीगला वर्षाला ११५ कोटी युरोंहून जास्त रकमेचं आश्वासन मिळालं. त्यातले सुमारे ८० कोटी एकट्या मीडियाप्रो या बार्सिलोनाच्या कंपनीचे. कनाल प्लुसच्या हाती काहीच लागलं नाही. क्लबांचे मालक खूश, वर्तमानपत्रं खूश.

आता ही गोष्ट नीट ऐका. त्या लिलावाच्या आदल्याच दिवशी इटलीच्या लीगने याच मीडियाप्रोबरोबरचा करार मोडला होता. कारण? कंपनी मागितलेली बँक गॅरंटी देऊ शकली नाही. आल्प्सच्या पलीकडे हे घडत असताना फ्रेंच लीगने बँक गॅरंटी न घेता कंपनीच्या मुख्य भागधारकाच्या हमीवर भागवलं. मी कोड लिहून पोट भरतो, मला बिझनेस फारसा कळत नाही. पण शेजारच्या टीमचा सर्व्हर ज्या लायब्ररीने काल पाडला, तीच आज आपण प्रॉडक्शनला टाकत नाही हो!

बरं, गणित तरी जुळत होतं का? कॅल्क्युलेटर काढा. टेलेफूटचं मुख्य पॅकेज महिन्याला २५.९० युरो, म्हणजे वर्षाला साधारण ३१० युरो. ८० कोटी भागिले ३१०. नुसत्या हक्कांची किंमत निघायलाच जवळपास २६ लाख ग्राहक हवेत. टॅक्स, कॉमेंटेटर, कॅमेरे, केबलवाल्यांचा वाटा हे सगळं वेगळंच. शिवाय सगळ्या मॅचेस या चॅनलवर नव्हत्याच. दर आठवड्याला दहापैकी दोन दुसरीकडे.

ऑक्टोबर २०२० मध्ये १७ कोटी २० लाख युरोंचा हप्ता आलाच नाही. कंपनी म्हणाली, कोविड आहे, किंमत कमी करा. लीग म्हणाली, नाही. डिसेंबरमध्ये तडजोड झाली. मीडियाप्रोने १० कोटी दिले आणि हक्क सोडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेलेफूटचा पडदा पडला. उरलेला सीझन कनाल प्लुसने साडेतीन कोटीत उचलला. ज्याला रिकाम्या हाताने पाठवलं होतं, त्याच्याच दारात जावं लागलं.

पुढची वर्षं पटकन सांगतो. ॲमेझॉनने बहुतेक सगळ्या मॅचेस वर्षाला २५ कोटीत घेतल्या. तिकडे कनाल प्लुसच्या गळ्यात जुन्या भावाचे ३३ कोटी, तेही फक्त दोन मॅचेससाठी. ते चिडले ते चिडलेच. २०२२ मध्ये रोकड हवी म्हणून लीगने आपल्या व्यापारी कंपनीतला १३ टक्के हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूक फंडाला १५० कोटींना विकला. २०२४ मध्ये डाझोन आलं, वर्षभराची बांधिलकी घेतली तरी महिन्याला सुमारे ३० युरो. लोकांनी सरळ टेलिग्रामवर चोरून मॅचेस बघितल्या. एका सीझननंतर तेही गेलं.

शेवटी लीगने स्वतःचंच दुकान टाकलं. ऑगस्ट २०२५ मध्ये लीग १ प्लस सुरू झालं, महिन्याला १४.९९ युरो, आठवड्याच्या नऊपैकी आठ मॅचेस. पहिल्याच महिन्याभरात दहा लाखांवर ग्राहक झाले. किंमत टेलेफूटपेक्षा कितीतरी कमी, आणि माझ्या मते पहिल्यांदाच खरी. पण आता ठरलेला चेक देणारं कुणी नाही. जितके ग्राहक, तितकं उत्पन्न. पॅरिसला चॅम्पियन्स लीगचा पैसा आहे, त्याला चालतं. ज्या क्लबने २०१८ चे आकडे धरून खेळाडूंचे पगार ठरवले, त्याने काय करायचं?

बोर्दोचंच बघा. सहा वेळचा चॅम्पियन क्लब. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकन मालकाने पैसे घालणं थांबवलं, आणि कारणं देताना कोविडबरोबर मीडियाप्रोचं नावही घेतलं. जुनी कर्जं आणि चुकलेले निर्णय होतेच, सगळं खापर टीव्हीवर फोडता येणार नाही. २०२२ मध्ये क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. २०२४ मध्ये व्यावसायिक दर्जाही सोडला आणि थेट चौथ्या पातळीवर गेला. लीग १ प्लस सुरू झालं त्या रात्री मॅच होती रेन विरुद्ध मार्सेय. बोर्दो त्या वेळीही चौथ्या पातळीवरच होतं, आणि त्यांच्या शहरात ४२ हजार खुर्च्यांचं स्टेडियम उभं होतं.