स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगला तडे का जातात?

दुधाची टाकी असो, जिन्याचं रेलिंग असो की केमिकल कारखान्यातली पाइपलाइन, गंजत नाही म्हणून स्टेनलेस स्टील वापरलं जातं. पण वेल्डिंग चुकलं तर नेमका जोडच चिरतो. चकचकीत जोडात केसाएवढी भेग राहिली, तर टाकीत तिथे जंतू साचतात आणि पाइपमधून गळती होते.

थंड होतानाच पडणारा तडा

३०४ आणि ३१६ या नेहमीच्या प्रकारांत हा तडा जास्त दिसतो. वितळलेला धातू गोठताना त्यातलं गंधक आणि फॉस्फरस शेवटच्या द्रवात, म्हणजे कणांच्या मधल्या फटींत गोळा होतं. हा थर सर्वांत उशिरा गोठतो. त्याच वेळी जोड आकसत असतो आणि फट उघडते.

त्यात हे स्टील साध्या लोखंडापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता मात्र जेमतेम एक तृतीयांश वाहून नेतं. त्यामुळे जोडावरचा ताण वाढतो.

यावर उपाय म्हणजे योग्य फिलर रॉड. ३०४ साठी ३०८एल वापरतात. त्यामुळे जोडात थोडं फेराइट तयार होतं आणि ते ही अशुद्धी सामावून घेतं. ३०३ मध्ये मशीनिंग सोपं व्हावं म्हणून मुद्दाम गंधक घालतात, त्यामुळे त्याचं वेल्डिंग टाळलेलंच बरं.

काही तासांनी पडणारा तडा

४१० सारखं कडक होणारं स्टील वेगळं वागतं. ओलसर रॉडमधून हायड्रोजन आत शिरतो आणि जोड थंड झाल्यावर तडा जातो. म्हणून रॉड कोरडे ठेवतात आणि स्टील आधी साधारण २०० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात.

जीआय पाइपचा धोका

गॅल्व्हनाइज्ड पाइप स्टेनलेसला जोडताना त्यावरचं जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, कणांच्या मधे शिरतं आणि स्टील ठिसूळ करतं. वेल्डिंगआधी ते पूर्ण काढावं लागतं.

महिन्यांनंतरची भेग

जोडाजवळचा भाग ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ राहिला, तर क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि गंज रोखायला कमी पडतं. पुढे क्षार, उष्णता आणि ताण एकत्र आले की भेग पडते. म्हणूनच ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त कार्बन नसलेलं ३०४एल निवडतात.

तपासणी कशी?

३०४ ला चुंबक जवळपास लागत नाही, त्यामुळे चुंबकीय चाचणी उपयोगाची नसते. रंगीत द्रव लावून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारतात. भेग असेल तर तिथे लाल रेघ उमटते.