मैदान मिळाले, तालीम मिळाली नाही



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते गुरुजी मुलींच्या खेळाचा तास कधी रद्द होऊ देत नसत. मी साहित्याचा अध्यापक. व्यायामशास्त्रावर अधिकारवाणीने बोलू शकत नाही. तथापि बडोद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला व्यायामाचा इतिहास टाळता येत नाही. त्या इतिहासात मुलींच्या वाट्याला काय आले, एवढाच आजचा विषय.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मुलींसाठीही. याच नगरीत राजरत्न माणिकरावांनी, आपल्या गुरूंचे नाव धारण करणाऱ्या जुम्मादादा व्यायाममंदिरातून, संघव्यायामाला शिस्त दिली. येथेच आबासाहेब मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' मराठीत सिद्ध झाला. १९२३ साली हुतूतूचे अखिल भारतीय सामने येथे भरले. १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने खो-खोचे नियम प्रसिद्ध केले.

या परंपरेचे मर्म तिच्या क्रमात आहे. नवख्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी कुस्तीत उतरवीत नसे. आधी जोर, बैठका, मलखांब; अंग तयार झाले की मग डाव. माणिकराव तर निष्णात अस्थिवैद्यही होते. शरीर घडविणारा आणि निखळलेला सांधा बसविणारा हात एकच होता. म्हणून बळ आणि सुरक्षितता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे तेथे कोणी मानले नाही. परंतु तालमीची ती माती बहुतांशी पुरुषांचीच राहिली.

बाहेरचे जगही फारसे उदार नव्हते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडके यांनी विश्वविक्रमासह ती शर्यत जिंकली. पण धावपटू मैदानावर कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या पसरल्या आणि ती शर्यत १९६० पर्यंत स्त्रियांना बंद झाली. स्त्रियांची भारोत्तोलन स्पर्धा ऑलिंपिकमध्ये येण्यास २००० साल उजाडले. त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरी यांनी कांस्यपदक मिळविले; ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

आपल्याकडे मुलींना मैदान मिळाले ते प्रामुख्याने खो-खोमुळे. खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली सुधीर परब यांना मिळाला. पुढच्याच वर्षी तो अचला देवरे यांना मिळाला; नंतर १९७३ मध्ये भावना पारीख, १९७४ मध्ये नीलिमा सरोळकर, १९७५ मध्ये उषा नगरकर. ही नामावली अभिमानाची आहे. पण नामावलीत न आलेल्या मुलींचाही एक इतिहास असतो.

१९७८ सालची गोष्ट. आमच्या वाड्यातील पंधरा वर्षांची एक मुलगी सामन्यात खांबाजवळ झपकन वळली. तिला कोणाचा धक्का लागला नव्हता. तरी गुडघा लचकला आणि ती खाली बसली, ती पुन्हा खेळली नाही. तिचा भाऊ पहाटे तालमीत शंभर बैठका काढीत असे; तिची तयारी म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. "मुलीच्या जातीला हे झेपत नाही," असे वडीलधारी म्हणाले. मी तेव्हा नुकताच अध्यापक झालो होतो. मीही ते निमूटपणे ऐकून घेतले.

आज त्या वाक्याचे उत्तर उपलब्ध आहे. वयात येताना मुलीची उंची आणि वजन झपाट्याने वाढते. स्नायूंचे बळ मात्र मुलांप्रमाणे आपोआप त्या वेगाने वाढत नाही. वळताना, थांबताना, उडी मारून उतरताना गुडघा आत झुकला, तर मांडीचे व नडगीचे हाड बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. अशा खेळांत ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी अधिक होते. यावर इलाज आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे बैठका, एका पायावरचा तोल, पोट-कमरेचे व्यायाम आणि गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून हलकेच उतरण्याचा सराव केल्यास हा धोका पुष्कळच कमी होतो, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली वजन उचलल्याने मुलींची उंची खुंटत नाही; उलट हाडे बळकट होण्याचे वय तेच असते. त्याबरोबर पोटभर अन्न हवे. खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबली, तर ती मेहनतीची खूण न समजता वैद्यांना दाखवावे.

श्रोतेहो, यात नवे फार थोडे आहे. आधी अंग, मग डाव, हा वस्तादांचाच नियम. तो आपण मुलांना शिकविला आणि मुलींना सांगायचा राहिला. त्या मुलीचा गुडघा दुबळा नव्हता, आमची व्यवस्था अपुरी होती. हे सांगायला मला चाळीसहून अधिक वर्षे लागली. या शाळेच्या वेळापत्रकात मुलींच्या सामन्याआधी ती वीस मिनिटे नेमाने राखली गेली, तर गुरुजींचे स्मरण केवळ व्याख्यानापुरते उरणार नाही.