अक्षयनीवी आणि परिसंवाद : विद्यापीठीय विद्येच्या खर्चाचा एक इतिहास

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तथागतांचा उपदेश ज्या भाषेने जतन केला त्या पालीचा हा गौरव होय, आणि त्याचा आनंद आपणां सर्वांस झाला. परंतु दर्जा मिळाल्याने ग्रंथ वाचले जात नाहीत. त्यासाठी विभाग लागतो, विभागात अध्यापक व विद्यार्थी लागतात, आणि त्यांच्या अध्ययनाची कसोटी लागावी म्हणून व्याख्याने, चर्चासत्रे व परिसंवाद लागतात. परिसंवाद म्हटला की वक्त्यांचा प्रवास, त्यांचा निवास, भोजन, मानधन, निबंधांच्या प्रती आणि शेवटी छपाई असा खर्चाचा तक्ता समोर उभा राहतो. हा खर्च कोणी करावयाचा, कोणत्या अटींवर करावयाचा आणि त्याचा हिशेब कोणास द्यावयाचा, हे प्रश्न क्षुल्लक कारकुनी प्रश्न म्हणून बाजूस सारले जातात. आमच्या मते ते तसे नाहीत. विद्येचे स्वातंत्र्य पुष्कळदा याच तक्त्यात राखले जाते किंवा गमावले जाते. इतिहास याची साक्ष देतो.

प्रथम आपल्याच भूमीतील साक्ष पाहू. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, दिल्याचे त्यात नोंदले आहे. ही रक्कम त्याने संघाच्या हाती ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने गुंतविले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट घातली. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असेही सांगितले.

वाचकांनी हा हिशेब करून पाहावा. २,००० कार्षापणांचे व्याज महिन्यास २० व वर्षास २४० होते. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिले की तेही २४० च होतात. ना एक शिल्लक, ना एकाची तूट. दात्याने आधी गरज मोजली व मग तिच्या मापाने ठेव ठेवली. पण या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग याहून पुढे आहे. हा व्यवहार निगमसभेत वाचून ऐकविला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविला गेला. दाता एक, ठेव सांभाळणारा दुसरा, उपभोग घेणारा तिसरा, आणि नगराची सभा या सर्वांची साक्षीदार. एकोणीस शतकांपूर्वी महाराष्ट्रात घालून दिलेली ही व्यवस्था आजच्या कोणत्याही विद्यापीठाच्या लेखाविभागास लाजविणारी नाही काय?

नालंदा महाविहाराचा आर्थिक पाया निराळा होता. ह्युएन त्संगाच्या चरित्रात सुमारे शंभर गावांचे उत्पन्न महाविहाराकडे लावून दिल्याचा उल्लेख आहे. त्यानंतर आलेला इत्सिंग दोनशेंहून अधिक गावे सांगतो. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने पाच गावे दिली, चार राजगृहाकडील व एक गयेकडील. त्या ताम्रपटात भिक्षूंचे अन्नवस्त्र व औषध यांच्याबरोबरच धर्मग्रंथांच्या लेखनाचा आणि विहाराच्या दुरुस्तीचाही खर्च नमूद आहे. ग्रंथांच्या प्रती करणे हा विद्येच्या खर्चाचा स्वतंत्र भाग होय, हे दात्याने जाणले होते. चार प्रत्ययांची चिंता नसल्याने नालंदेतील विद्यार्थी दिवसभर वादचर्चेत गढून जात. मात्र हे सारे उत्पन्न राजाज्ञेवर उभे होते. राजाश्रय ओसरला तेव्हा तो खर्च उचलणारा व्यापक उपासकवर्ग भोवती उरला नव्हता. महाविहाराच्या अंताची कारणे अनेक आहेत व आक्रमण हे त्यांपैकी मोठे कारण आहे. तरीही आघातानंतर पुन्हा उभे राहण्याची शक्ती का उरली नाही, याचे उत्तर काही अंशी या अर्थव्यवस्थेत शोधावे लागते.

राजाश्रयाचा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. इ. स. ६४३ च्या सुमारास सम्राट हर्षवर्धनाने कनौज येथे मोठी धर्मपरिषद भरविली. तिचा संपूर्ण भार राजकोशाने उचलला. ह्युएन त्संगाने महायानाचा पक्ष मांडला व आपले प्रतिपादन प्रवेशद्वारावर लावले. त्यातील एक शब्द जरी कोणी खोटा ठरविला तर आपले मस्तक देऊ, असे त्याने जाहीर केले. पुढे प्रतिपक्षाकडून त्याच्या जीवास धोका असल्याचे कळताच राजाने आज्ञा काढली की, या आचार्यास इजा करणाऱ्याचा शिरच्छेद होईल आणि त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याची जीभ छाटली जाईल. चरित्रकार सांगतो की अठरा दिवस कोणीही वादास उभा राहिला नाही. ही परिषद आपल्या धम्माच्या विजयाची म्हणून अभिमानाने सांगितली जाते. परंतु ज्या सभेत विरोधकाची जीभ छाटण्याची आज्ञा आहे, त्या सभेतील मौनास विजय म्हणता येईल काय? सभेचा खर्च करणारा आणि सभेचा निर्णय ठरविणारा एकच झाला की सभा भव्य होते, पण चर्चा मरते. आपल्या बाजूच्या दात्याविषयीही हे म्हणण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत.

आधुनिक विद्यापीठांत अक्षयनीवीची कल्पना देणगी-व्याख्यानमालेच्या रूपाने पुन्हा अवतरली. मुंबई विद्यापीठात जॉन विल्सन यांच्या नावाची भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमाला होती. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्या मालेत सात व्याख्याने दिली व त्यांपैकी एक पाली आणि तत्कालीन बोलींवर होते. पालीचा स्वतंत्र विभाग दृष्टिपथातही नसताना, एका ठेवीच्या आधाराने मुंबईच्या विद्यापीठात पालीची शास्त्रीय चर्चा झाली. मात्र त्या व्याख्यानांस समग्र पुस्तकाचे रूप १९१४ साली लाभले. मधली सदतीस वर्षे आपणांस एक धडा देतात. बोलण्यासाठी निधी असला व छापण्यासाठी नसला की विद्या श्रोत्यांबरोबर घरी जाते. कलकत्ता विद्यापीठास प्रसन्नकुमार टागोर यांच्या मृत्युपत्राने मिळालेल्या विधिविषयक व्याख्यानमालेत ही उणीव आधीच हेरली होती. व्याख्याने छापून त्यांच्या प्रती विनामूल्य वाटाव्यात, ही तरतूद त्या योजनेतच होती.

त्याच विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ साली देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांची नियुक्ती झाली. त्यांचा 'अशोक' हा ग्रंथ १९२३ च्या कारमायकेल व्याख्यानांतून सिद्ध झाला व १९२५ साली प्रसिद्ध झाला. धम्मराजा अशोकाचा शिलालेखांच्या आधारे लिहिलेला हा महत्त्वाचा इतिहास एका विभागाच्या नियमित, निश्चित खर्चाच्या व्याख्यानांचे फळ आहे. उत्सवी समारंभातून असा ग्रंथ जन्मास येत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील दोन प्रसंग या संदर्भात एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त प्रसिद्ध झाला. तो कोणत्याही मोठ्या परिषदेसाठी लिहिलेला नव्हता, विभागाच्या नित्याच्या परिसंवादासाठी होता. त्या परिसंवादापर्यंत पोहोचण्याचे साधन मात्र बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती होती. शिष्यवृत्तीस बडोद्याच्या नोकरीची अट होती, पण काय लिहावे व काय लिहू नये, याची अट नव्हती.

दुसरा प्रसंग १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांस वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून निमंत्रिले. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर काही भाग गाळण्याचा आग्रह आयोजकांनी धरला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद आधी पुढे ढकलली गेली व मग रद्द झाली. तेव्हा बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः प्रसिद्ध केले आणि १,५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. सभागृह, मंडप व निमंत्रणपत्रिका आयोजकांच्या होत्या, त्या त्यांनी काढून घेतल्या. विचार वक्त्याचा होता, तो राहिला. परंतु प्रत्येक तरुण अभ्यासकाजवळ बाबासाहेबांचे सामर्थ्य नसते. आयोजकाने भुवई उंचावली की तो परिच्छेद गाळतो, आणि गाळलेल्या परिच्छेदाचा इतिहास कोठेही लिहिला जात नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५३ साली स्थापन झालेल्या व १९५६ च्या कायद्याने अधिष्ठित झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने चर्चासत्रांचा मोठा भार उचलला. हा सार्वजनिक पैसा आहे आणि त्यावर आपला हक्क आहे. त्यावरील मागणी कधीही सोडता कामा नये. पण अनुदानाची रीत सर्व विभागप्रमुख जाणतात. प्रस्ताव, मंजुरी, आगाऊ रक्कम, खर्चाच्या पावत्या, लेखापरीक्षण आणि उपयोगिता प्रमाणपत्र अशी ती वाट असते. मंजुरी उशिरा आली की मार्चअखेर गाठण्यासाठी घाईघाईने सत्र उरकले जाते. निबंध वाचले जातात, त्यांवर प्रश्न विचारण्यास वेळ उरत नाही. हिशेब चोख असतो, चर्चा मात्र झालेली नसते. लहान विभागांत एकदोन अध्यापकांवरच हे सारे पडते आणि त्यांचे अध्यापन व संशोधन या धावपळीत जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जयंती व महोत्सवांवर आपला समाज उदारपणे खर्च करतो. त्यातील अल्पसा वाटा विद्यापीठांच्या पाली व बौद्ध अध्ययन विभागांत अक्षयनीवी म्हणून ठेवता येईल. पाच लाख रुपयांची ठेव सात टक्क्यांनी वर्षास पस्तीस हजार रुपये देते. एका विद्वानाचा प्रवास, निवास, मानधन व व्याख्यानाची पुस्तिका एवढ्यात होऊ शकते. शंभर कुटुंबांनी प्रत्येकी पाच हजार दिले तर ही ठेव उभी राहते, आणि दाते शंभर असल्याने व्यासपीठावर एकाचा शब्द चालत नाही. उषवदाताच्या योजनेत एक उणीव होती, तीही आपण भरून काढावी. महागाई वाढली की मुद्दल अक्षय राहूनही त्याचे मोल क्षय पावते. सर्व व्याज खर्च न करता त्याचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा.

तीन नियम मात्र लेखी असावेत. मुद्दलास कोणी हात लावू नये. वक्ता व विषय विभागाने निवडावा, दात्यांनी नव्हे, आणि आमच्या श्रद्धेस न रुचणारा अभ्यासकही त्या व्यासपीठावरून बोलू शकावा. आणि वर्षाचा हिशेब विभागाच्या फलकावर लावावा व विहारात उपासक-उपासिकांसमोर वाचून दाखवावा. निगमसभेत हिशेब वाचण्याची रीत या भूमीस नवी नाही. ती पुन्हा सुरू करावयाची आहे, इतकेच.